माहेर नावाचा फोल्डर

माझ्या कॉम्प्युटरचा पडदा काकांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पायातल्या चपला काढून त्यांनी दाराबाहेर नेऊन ठेवल्या. परत आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "पाय ठेवूक जागा नाय. ह्यो काय उकिरडो रे मेल्या?"

माझा वॉलपेपर फार सुंदर होता असं मी सांगणार होतो, पण तो दिसत नव्हता. त्याच्यावर फायलींचा थर होता. एक 'फायनल', एक 'फायनल खरी', एक 'फायनल खरी साहेबांची' आणि कोपऱ्यात एक 'आईशप्पथ फायनल'. काकांनी सगळी नावं खड्या आवाजात वाचून दाखवली. समोर बसणारी शर्वरी हसता हसता खुर्चीवरून घसरली.

"हा डेस्कटॉप आहे की देवनारचा कचऱ्याचा डोंगर?" काका म्हणाले. "वर घारी तेवढ्या फिरायच्या राहिल्यात."

नोकरीतला माझा तो पहिला आठवडा. कॉलेजात मी 'सर्जनशील पसारा' या विषयावर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं, ते त्यांना सांगावं असं मनात आलं होतं. माझ्या आयुष्यात जे थोडे सुज्ञ क्षण आले, त्यात ते न सांगणं मोडतं.

अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या गाळ्यात आमचा स्टुडिओ होता. खोकी, लेबलं, दुकानांच्या पाट्या, क्वचित एखादी लग्नपत्रिका असली कामं. खाली छापखाना, त्यामुळे दिवसभर टेबलं बारीक थरथरायची. काका आमच्यात सगळ्यात जुने. वडील गिरणीत होते. गिरणी गेली तसं घर लालबागहून मुलुंडला आलं आणि काका हाताने पाट्या रंगवत रंगवत कॉम्प्युटरपर्यंत पोहोचले. मालकसुद्धा त्यांना काकाच म्हणायचा. मराठी अगदी स्वच्छ बोलायचे, रागावले की मात्र मालवणीत शिरायचे. ते मालवणीत शिरले की आम्ही टेबलाखाली शिरायचो.

कॉम्प्युटर त्यांनी घरासारखा लावला होता. म्हणजे नीटनेटका या अर्थाने नव्हे, खरोखर घरासारखा. डेस्कटॉप हा ओटा. "स्वयंपाक चालू असेपर्यंत काय हवा तो पसारा घाल. जेवणं झाली की ओटा पुसलेला दिसला पाहिजे." जुनी, संपलेली कामं माळ्यावर. त्या फोल्डरचं नावच 'माळा'. तात्पुरत्या फायली 'मोरी'त. मोरी रोज घरी जाण्याआधी धुवायची. अक्षरांचे टाइप आणि गिऱ्हाइकांची मूळ बोधचिन्हं 'देवघरा'त. देवघर उघडण्याआधी काका बेसिनपाशी जाऊन हात धुऊन यायचे. मला वाटलं गंमत करतात. एकदा वडापाव खाता खाता मी देवघरातला एक टाइप उचलला, तेव्हा कळलं की गंमत वगैरे काही नाही.

"काका, माउसला तेल लागतं, फाइलला नाही लागत," मी म्हटलं.

"मनाक लागता," काका म्हणाले. मालवणी सुरू झालेली ऐकून मी हात धुऊन आलो.

पण त्या घरातली खरी खोली वेगळीच होती. गिऱ्हाइकाने पसंत केलेलं काम 'सासर'मध्ये जायचं. नापसंत झालेलं 'माहेर'मध्ये.

आपण 'ते डिझाइन' म्हणतो. काका 'ती डिझाइन' म्हणायचे, आणि तुम्ही चुकून 'ते' म्हणालात तर 'ती' म्हणून दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकाला काम दाखवायला न्यायचं, तो बघण्याचा कार्यक्रम. पसंती आली की "उजवली!" एवढंच म्हणून काका टाळी द्यायचे. नकार आला की चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. फाइल ओढून माहेरात ठेवायचे आणि म्हणायचे, "ये बाय. दमली असशील. बस."

शर्वरीला हे अजिबात आवडायचं नाही. ती तोंडावर बोलणारी.

"काका, हे काही बरं नाही हं. डिझाइन म्हणजे मुलगीच का? आणि नाकारलेली असली की मुलगीच? मुलगा म्हणा ना."

काकांनी चष्मा काढून पुसला. "मुलगा परत आला तर त्याला कुणी परत आला म्हणतं का गं? घरी आला म्हणतात."

शर्वरी खुर्ची फिरवून कामाला लागली. मला मात्र ते वाक्य एवढं आवडलं की पुढे आठवडाभर मी ते माझंच असल्यासारखं ठिकठिकाणी वापरत होतो.

माहेरातल्या फायली काका नुसत्या साठवायचे नाहीत. दुपारी जेवण झालं की डुलकी काढायच्या ऐवजी ते माहेर उघडून बसायचे. एकेक फाइल उघडायची, उलटी करायची, आडवी करायची, रंग काढून नुसती रेघ ठेवायची. "हिला स्थळ बघतोय," असं म्हणायचे. त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते दिवसातून एकदा तरी आमच्या कानावर पडायचं: मुलीत खोट नसते, घर चुकलेलं असतं. घर चुकलं म्हणून मुलगी टाकायची नाही. घर बदलायचं.

मला यात पहिल्यापासून स्वतःची सोय दिसली. नवीन काही सुचण्यापेक्षा जुनं उलटं करणं सोपं. कांदिवलीच्या एका दाताच्या डॉक्टरांसाठी मी हसरी दाढ काढली होती. त्यांनी ती परत पाठवली. लहान मुलं रडतील म्हणाले. पुढे घाटकोपरच्या गादीवाल्या शेठचं काम आलं. मी दाढ उघडली, खालची दोन मुळं पुसली, आणि काय आश्चर्य, झकास गुबगुबीत उशी झाली. काकांनी पाठ थोपटली. त्या थापेने मी जरा हवेत गेलो असणार, कारण शेठसमोर कागद ठेवले तेव्हा मला दिसलं की उशीखाली दवाखान्याची ओळ तशीच राहिलीय: 'आता दुखणार नाही.'

माझी वाट लागली होती. मी कागदावर हात ठेवला. शेठने हात बाजूला केला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"वा भाय वा! कमरेचंच तर सगळं दुखणं आहे ना लोकांचं! हे कुणाला सुचलं?"

"मला," मी म्हणालो.

ती पाटी आजही तिथे आहे. पण काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काम पसंत झालं, शेठ खूश, मालक खूश, मग यांचं काय बिनसलं? शेवटी शर्वरीने विचारलं.

"पहिल्या घरचं आडनाव न पुसता पाठवली याने," काका म्हणाले. "शेठ भला माणूस म्हणून निभावलं. दुसऱ्या कुणी तेवढ्यावरून तिला पुन्हा बाहेर काढली असती. मुलगी पाठवायची तर स्वच्छ पाठवावी. मागचं काही तिच्या अंगाला चिकटून जाता कामा नये."

एका डिझाइनबद्दल माणूस एवढं कळवळून बोलतो, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

त्यांचा दुसरा नियम याहून कडक. ज्या घराने एकदा नाही म्हटलं, त्या घरी तीच परत पाठवायची नाही. मालकाचं मत वेगळं होतं. गिऱ्हाइकाला महिन्या-दोन महिन्यांनी काय आठवतंय? रंग बदला, दाखवा, 'हे बघा नवीन' म्हणा. धंद्यात चालतं हे सगळं. एका मसालेवाल्यांच्या बाबतीत मालक हट्टालाच पेटला.

"काका, निळ्याची लाल करा आणि न्या ना."

"नाही."

"अहो, वेळ नाहीये आपल्याकडे."

"वेळ नसेल तर मी जेवायच्या सुट्टीत नवी करतो. पण ज्यांनी तोंडावर नाही म्हटलंय, त्यांच्याच दारात नवं पातळ नेसवून तिला परत उभी करायची? तिची काय किंमत राहिली? माझ्या हातून नाही होणार."

आणि जेवायच्या सुट्टीत त्यांनी खरंच नवी केली. डबा तसाच राहिला. संध्याकाळी तो आम्ही खाल्ला; कोलंबीचं सुकं होतं, म्हणून हा प्रसंग माझ्या एवढा लक्षात आहे.

हल्ली मी मुलुंडलाच घरून काम करतो. मशीनला एक वाक्य सांगितलं की डोळ्यांदेखत ढीगभर चित्रं पडतात. एक घ्यायचं, बाकीची खिडकी बंद केली की गेली. नाकारायलाही कष्ट नाहीत. परवा अशीच खिडकी बंद करताना मला उगाच वाटलं, यातल्या एखादीला तरी "बस बाय" म्हणावं. म्हटलं नाही. बायको शेजारी भाजी निवडत होती. या घरात माझी थोडी अब्रू शिल्लक आहे, ती मी जपून वापरतो.

काका स्वतःच्या घराबद्दल बोलायचे नाहीत. काकू आहेत, एक मुलगी, तिचं लग्न झालंय, ठाण्याला दिलीय. आमची माहिती एवढीच. मग एका उन्हाळ्यात त्यांच्यात काहीतरी बदललं. फोन आला की उठून बाहेरच्या गॅलरीत जायला लागले. दुपारी माहेर उघडायचे, पण फायली न उघडता नुसतेच बसायचे. एकदा देवघर उघडलं आणि हात धुतले नव्हते. मी ते बघितलं आणि मोठ्याने म्हटलं, "काका, विटाळ!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुठल्या तरी दुसऱ्या खोलीत उभा होतो. शर्वरीने मला टेबलाखालून लाथ मारली. तिला काही माहीत होतं असं नाही. फक्त माणसाकडे बघून तिला कळायचं, आणि मला लाथ बसल्यावर कळायचं.

एका शुक्रवारी काकांनी रजा घेतली. घरी पाहुणे यायचेत म्हणाले.

नेमकं त्याच दिवशी विलेपार्ल्याच्या एका अगरबत्तीवाल्यांचं काम अंगावर आलं. ते दुपारीच येणार होते आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मी सवयीने माहेर उघडलं. त्यात काकांची एक फार जुनी फाइल होती, एका केसांच्या तेलासाठी केलेली. एका रेघेत काढलेली लांब वेणी, खाली बारीक होत गेलेली. तेलवाल्यांनी ती परत केली होती. वेणी कसली, धूर वाटतो म्हणाले. केस जळाल्यासारखे दिसतात. त्यानंतर तिला कित्येक ठिकाणी दाखवली, कुठेच जमलं नव्हतं. मी ती बघत राहिलो. धूर! अगरबत्तीला आणखी काय हवं? उलटी करायचीसुद्धा गरज नव्हती. आजवर कधी नव्हे ते मला स्वतःचं काही सुचलं होतं, तेही काकांच्याच फाइलवर. आणि काकांना विचारल्याशिवाय त्यांची फाइल द्यायची नाही, हे पक्कं होतं. मी फोन लावला.

फोन एका मुलीने उचलला.

"बाबा बाहेर बसलेत. पाहुणे आलेत. काही निरोप आहे का?"

सरळ निरोप दिला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण अनोळखी मुलीचा आवाज ऐकला की मला विनोद करायची हुक्की येते. लग्नाआधीही यायची, त्यामुळेच लग्न उशिरा झालं.

"त्यांना एवढंच विचारा," मी म्हटलं, "ती परत आलेली आहे ना, एवढे दिवस माहेरी बसलीय, तिला पाठवू का?"

"कोण बोलतंय?"

"ऑफिसातून बोलतोय हो. घाबरू नका, डिझाइनचं चाललंय! तुम्हाला माहीत नाही का? काका नापसंत झालेल्या डिझाइनला माहेरी ठेवतात."

"नाही," ती म्हणाली. "मला नव्हतं माहीत. मग?"

तिचं ते 'मग' ऐकून मला वाटलं, आपला विनोद जमलाय. मी फॉर्मात आलो. "मग काय, तिच्यासाठी स्थळ बघतात. आता एक चांगलं स्थळ आलंय, पार्ल्याचं."

"आणि पहिल्या ठिकाणी? तिथे नाही पाठवत परत?"

"छे! कधीच नाही. काकांचा नियमच आहे तसा. एकदा मालकाशी भांडले त्यावरून. म्हणाले, ज्यांनी तिला नाही म्हटलं त्यांच्या दारात तिला परत उभी करणार नाही. मुलीत खोट नसते, घर चुकलेलं असतं. आम्हाला तोंडपाठ झालंय आता."

"बाबा म्हणतात असं?"

"रोज!"

ती हसली. मी विनोद केला की लोक जसं हसतात तसं ते हसू नव्हतं, पण हे सगळं नंतरचं शहाणपण. तेव्हा मला वाटलं, वा, हसवलं.

"थांबा हं," ती म्हणाली. "बाबांनाच देते."

तिच्या चालण्याचा आवाज आला. मग पंख्याची घरघर, कपबशीचा आवाज, कुणीतरी खाकरलं. मग तिचा आवाज, अगदी स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"बाबा, ऑफिसातून फोन आहे. विचारतायत, परत आलेली आहे तिला पाठवायची का. तुम्ही सांगा."

खुर्ची सरकली. मग काका फोनवर आले.

"हं."

"काका, ती वेणीवाली. अगरबत्तीवाल्यांना पाठवू?"

"पाठव," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

अगरबत्तीवाल्यांनी वेणी पाहिली आणि पाच मिनिटांत पसंत केली. एका रेघेचाही बदल नाही. आमच्या स्टुडिओत असं कधी झालं नव्हतं. "उजवली!" म्हणून ओरडायला मी काकांना परत फोन केला, कुणी उचलला नाही. मग मी शर्वरीला टाळी दिली. मालकाने समोसे मागवले.

सोमवारी काका आले ते नेहमीच्या बसने, नेहमीच्या वेळी. टेबल पुसलं. दुपारी मला एक फाइल हवी होती म्हणून मी त्यांच्या कॉम्प्युटरवर गेलो, तर माहेर नव्हतं. सासरही नव्हतं. त्या जागी इंग्रजीत 'अप्रूव्हड' आणि 'रिजेक्टेड' असे दोन फोल्डर होते. आत सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त नावं बदलली होती.

"हे काय काका?" शर्वरीने विचारलं. "एकदम साहेब झालात."

"सगळीकडे असंच लिहितात," काका म्हणाले.

"पण मी म्हणत होते तेव्हा नाही बदललंत. तीन वर्षं डोकं फोडलं मी!"

"बरोबर म्हणत होतीस."

शर्वरीला भांडण जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. ती जागेवर जाऊन बसली. त्यानंतर त्यांनी एकाही डिझाइनला 'ती' म्हटलं नाही. आम्ही मुद्दाम म्हणून बघितलं. त्यांनी ऐकून सोडून दिलं. जुनी कामं उलटी-आडवी करणं थांबलं. नवीन करायचे, चांगलं करायचे, नकार आला की रिजेक्टेडमध्ये टाकायचे आणि पुढचं काम घ्यायचे. वर्षभराने निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी एक विनोदी भाषण केलं. त्यातला वेणीचा किस्सा सगळ्यात जास्त रंगला.

खरं काय झालं होतं ते कळायला मला मुलुंडला राहायला यावं लागलं. काकांची सोसायटी आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. काकू घरी नव्हत्या.

"बोरिवलीला गेलीय," काका म्हणाले. "मुलीकडे. दर रविवारी डबा घेऊन जाते. मी बसमध्ये बसवून देतो."

"मुलगी ठाण्याला होती ना?"

"होती."

चहा त्यांनीच केला. ओटा लखलखीत होता. चहा झाल्यावर पातेलं लगेच विसळून पालथं घातलं, मग माझ्यासमोर बसले आणि मी न विचारता बोलायला लागले. असं ते आधी कधीच बोलले नव्हते.

त्या शुक्रवारी आलेले पाहुणे म्हणजे व्याही. मुलगी तेव्हा दीड-दोन महिने घरी येऊन राहिली होती. नवरा हात उचलणारा नव्हता, दारू पिणारा नव्हता, त्यामुळे ती का आली हे कुणाला सांगताही येईना. तो तिच्याशी बोलायचा नाही, एवढंच. महिनोन्‌महिने एक अवाक्षर नाही. जेवण वाढलं की जेवायचा, उठून जायचा. व्याही समजूत घालायला आले होते. झालं गेलं विसरून पोरीला घेऊन जातो म्हणत होते.

"मी काही ठरवलं नव्हतं रे," काका म्हणाले. "ती आत स्वयंपाकघरात होती. मी नुसता मान हलवत होतो. ते काही म्हणाले की हलवायचो. तेवढ्यात ती तुझा फोन घेऊन बाहेर आली."

आपण त्या खोलीत काय नेऊन टाकलं, हे इतक्या वर्षांनी माझ्या ध्यानात येत होतं.

"मी पाठव म्हटलं, आणि व्याही उठून उभे राहिले. म्हणाले, चला, बापाने होकार दिला. ती आत गेली, बॅग भरून आली. त्यांच्याबरोबर खालीसुद्धा उतरली. गेटपाशी त्यांनी गाडीचं दार उघडलं, तर ही रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि बोरिवलीच्या बसमध्ये चढली. तिथे मैत्रीण होती तिची. आता स्वतःची जागा घेतलीय भाड्याने. नोकरी चांगली आहे."

"काका, मी तो फोन केला नसता तर..."

"तर ती त्यांच्या गाडीत बसली असती," काका म्हणाले. "मी मानच हलवत राहिलो असतो. तुझ्या सगळ्या चुका मला पाठ आहेत. ही त्यात नाही."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

"मग तिला सांगितलं नाहीत? की ते तुम्ही फाइलबद्दल म्हणालात?"

"त्याच रात्री सांगितलं फोनवर. म्हटलं, बाय, मी ते फाइलचं बोलत होतो गो." काकांनी टेबलावरचा नसलेला डाग अंगठ्याने पुसला. "ती म्हणाली, माहीत आहे मला. फाइलबद्दलच बोललात. माझ्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मग आता बोला ना," मी म्हटलं. "आम्हाला रोज सांगायचात, तेवढंच सांगा. मुलीत खोट नसते. एवढंच."

"तुम्हाला सांगणं सोपं होतं. तिथे समोर व्याही बसले नव्हते."

"आताही नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं बोलणं त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं, पण त्या दिवशी घेतलं. फोन उचलला, चष्मा कपाळावर चढवला, नाव शोधलं. ऐकायला कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. ती पहिल्याच घंटीला बोलली, घाबरलेली.

"काय झालं बाबा? आई पोचली, इथेच आहे."

"हो, हो. नाही... ते नाही." काका सरसावून बसले. ओठ हलले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, म्हणजे त्यांना बोलता येईल.

"बाबा?"

"बाय, तुझ्याकडे पाणी येतं ना गो नीट?"

"येतं," ती म्हणाली.

"प्रेशर?"

"बरं आहे."

"बरं," काका म्हणाले. आणखी क्षणभर थांबले. तीही थांबली होती. तिने ठेवला नव्हता. मग त्यांनीच फोन ठेवला, चष्मा नाकावर आणला आणि जणू मी काही ऐकलंच नव्हतं तसं मला सांगितलं,

"प्रेशर बरं आहे म्हणते."